गोटा कोणाचा राह्यला?

ओवी जंगलात हरवली तर तिला माझा मोबाइल नंबर सांगता येईल का, या प्रश्नानं माझी सलग तीन रात्री झोप उडवली होती. चौथ्या दिवशी मी तिला नंबर पाठ करायला बसवलं. पाच वर्षांच्या पोरीनं दहाही आकडे बिनचूक म्हणून दाखवले. मी खूश. मग जेवताना, घास तोंडाशी नेता नेता लक्षात आलं, जंगलात ती तो नंबर सांगणार कोणाला?

"वानराले सांगंन ना," प्रशांत म्हणाला. प्रशांत म्हणजे माझा नवरा. वीज कंपनीत आहे. खांबावरच्या माणसांची काळजी करून घरी येतो, त्यामुळं घरी करायला त्याच्याकडं काळजी शिल्लक नसते. तो सगळा विभाग माझ्याकडं.

जंगलातून घरी आलं की सलवारीला कुसळं चिकटलेली सापडतात. तिथं असताना कळत नाही, धुवायला टाकताना दिसतात. आमच्या फिरण्याचे किस्से तसेच साठलेत. त्यातले बरेचसे माझ्यावरच आहेत, हेही आता सांगूनच टाकते, कारण मी नाही सांगितले तर शबाना सांगेल आणि ती जास्त रंगवून सांगते.

आम्ही तीन कुटुंबं, यवतमाळच्या एकाच कॉलनीतली. शबाना, तिचा नवरा इरफानभाई, ज्यांचं गॅरेज आहे, आणि त्यांची सहा वर्षांची झोया. प्रज्ञाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांचा आठ वर्षांचा सम्यक. आणि आम्ही तिघं. ऑक्टोबरपासून एक रविवार सोडून एक, दोन गाड्या काढून आम्ही घाटंजीकडच्या एका गावी जातो. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथं पोहे-चहाचं दुकान लागायचं. प्रज्ञाताई पूर्वी तिथल्या शाळेत होत्या. त्यांच्या ओळखीचे गणपतमामा आम्हाला वाट दाखवतात. मामा कोलाम आहेत, वनखात्यात मजूर होते, आता रिटायर झालेत. घरी कोलामी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. जंगल अभयारण्याच्या बाहेरचं, वाट सपाट, तलावापर्यंत जाऊन यायचं. मोठ्यांच्या पायानं तासाभराची वाट. मुलांबरोबर अडीच तास, कारण प्रत्येक मुंगीच्या घरी डोकवावं लागतं.

हे सगळं सुरू झालं ओवीच्या टीचरमुळं. त्या म्हणाल्या होत्या, "मॅडम, आत आली की ओवी छान असते. पण गेटवर तुमचा हात सोडत नाही. जूनमध्ये पहिलीत गेली की व्हॅननं यायचंय, एकटीनं. तोवर काहीतरी करा. मोकळ्यात न्या तिला."

माझी पोर भित्री होते आहे आणि ती माझ्यामुळं होते आहे, हे टीचर बोलल्या नाहीत. पण मी एम.ए. आहे, न बोललेलं मला लगेच कळतं.

* * *

पहिल्या रविवारी मी जी सॅक नेली तिच्यात काय होतं ते सांगते. बँडेज, दोन मलमं, तापाचं औषध, थर्मामीटर, ओआरएस, ओवीचे कपड्यांचे दोन जोड, स्वेटर, छत्री, टॉर्च, दोरी, पाण्याच्या चार बाटल्या, आणि मच्छर पळवायची ती कॉइल. काडेपेटी विसरले होते.

गणपतमामांनी सॅककडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मुक्कामाले आल्या का जी, बाई?"

"नाही मामा. दुपारपर्यंत परत."

मामांच्या स्वतःच्या हातात एक काठी होती. खिशात तंबाखूची डबी. ते पुढं निघाले. मग म्हणाले, "बाई, थे थर्मामीटर कायले?"

मी म्हणाले, "ताप आला तर."

"दुपारपावतर?"

* * *

दुसऱ्या वेळी मी शिट्ट्या आणल्या. तिन्ही मुलांच्या गळ्यात एकेक लाल शिट्टी. हरवलात तर जागचं हलायचं नाही, झाडाला धरून बसायचं आणि शिट्टी वाजवायची. हा नियम मी कुठंतरी वाचला होता आणि तो मला फार आवडला होता. मी मुलांकडून तो तीनदा म्हणून घेतला. मुलांना त्यातला शेवटचा भाग आवडला.

जंगलात शिरल्यापासून शिट्ट्या थांबल्या नाहीत. प्रज्ञाताईंनी वर्गात वापरतात तो डोळा वापरून पाहिला. उपयोग झाला नाही. मी मधेच हळूच विचारलं, "मामा, इथं वाघ नाही ना?"

"हाय ना जी. थो तिकडं, पल्याडच्या जंगलात. पर या शिट्ट्या आयकून आता तेलंगणात पोचला असंन."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात समोरच्या झुडपांतून काहीतरी धावत येऊ लागलं. एक नाही, पुष्कळ. मी ओवीला उचललं, शबानानं झोयाला, आणि इरफानभाईंनी माझी सॅक उचलली, का ते त्यांनाही माहीत नाही.

बकऱ्या होत्या. तीस-चाळीस असतील. सम्यकच्या भोवती गोल करून उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या.

त्यांच्या मागून पाच मिनिटांनी धापा टाकत एक म्हातारी आली. तिनं आमच्यावरून एक नजर फिरवली. "शिट्टी कोनं मारली?"

सम्यकनं हात वर केला. शाळेचं वळण.

"मंग आता घरी पोचवून दे त्यायले," ती म्हणाली, आणि बांधावर बसून तिनं पान काढलं. तिच्या बकऱ्या शिट्टीच्या सवयीच्या निघाल्या. आम्ही नऊ माणसं त्या बकऱ्या घेऊन गावापर्यंत परत आलो. तलाव त्या दिवशी पाहिलाच नाही.

* * *

शिट्ट्या मामांनी जप्त केल्या. म्हणजे माझ्या सॅकमध्ये टाकल्या. पुढच्या वेळी त्यांनी त्यांची पद्धत सांगितली.

जंगल जिथं सुरू होतं, आम्ही गाड्या लावतो त्याच्या जवळच, तिथं एक जुना मोह आहे. त्याच्या बुडाशी मामा थांबले. "आमच्या इकडच्या बाया मोहफुलं वेचाले पहाटी जंगलात जात. मोबाइल कुठं होते तवा. जातांनी एकेकीनं इथं गोटा ठेवाचा. येतांनी आपापला उचलाचा आन फेकून द्याचा. गोटा राह्यला, तं कोणीतरी अंदरच हाय. मंग हाका माराले जाचं."

त्यांनी एक गोटा उचलला, झाडापाशी ठेवला. साठ वर्षं त्याच जंगलात फिरलेला माणूस स्वतःचा गोटा ठेवत होता. झोयानं ठेवला. सम्यकनं सपाट बघून ठेवला. मामांनी आमच्याकडं पाहिलं.

"आपण कुठं हरवतो, मामा?" प्रज्ञाताई हसून म्हणाल्या. "मुलांचे पुरे."

प्रशांतही हसला. मी तोवर एक गोटा हातात घेतलेला होता. सगळे हसले म्हणून मीही हसले आणि तो हळूच खाली सोडून दिला. ओवी माझ्या दुसऱ्या हाताला होती. ती वाकली, एक गोटा उचलला आणि झाडापाशी ठेवला. मामांचा एक आणि मुलांचे तीन. हिशोब बरोबर.

परत येताना चारही गोटे उचलले गेले. इतकं साधं होतं ते. मला वाटलं, थर्मामीटरनं नाही दिलं ते समाधान या चार गोट्यांनी दिलं. तेव्हापासून दर वेळी तेच. मोहापाशी थांबायचं, मामा, झोया, सम्यक, ओवी.

* * *

इरफानभाईंना जंगल आवडतं की नाही हे अजून आम्हाला कळलेलं नाही. ते येतात, कारण शबाना म्हणते. चालताना ते कानानं चालतात. गॅरेजमधल्या माणसाची सवय.

एकदा मधेच थांबले. हात वर केला. आम्ही सगळे थांबलो. दुरून आवाज येत होता. टुक, टुक, टुक, टुक. एका लयीत.

"कोई डेंट ठोक रहा है," इरफानभाई म्हणाले.

"इथं?" शबाना म्हणाली.

"पत्रे पे ठोक रहा है. और गलत ठोक रहा है. इतने हल्के हाथ से निकलेगा ही नहीं."

त्यांनी मामांना विचारलं, इकडं कोणाचं वर्कशॉप आहे का. मामांनी काठीनं उंबराचा शेंडा दाखवला. तिथं मुठीएवढा हिरवा पक्षी बसला होता. कपाळावर लाल टिळा. तांबट. आवाज त्याचाच.

इरफानभाई खाली उभे राहून पाचेक मिनिटं ऐकत राहिले. मुलं पुढं गेली, आम्ही पुढं गेलो. मागून येऊन ते एवढंच बोलले, "टायमिंग पक्की है उसकी."

आता गॅरेजमधल्या पोऱ्याचा हातोडा चुकला की म्हणे त्याला या पक्ष्याचं उदाहरण देतात.

* * *

प्रज्ञाताई मुलांना उपक्रम दिल्याशिवाय चालूच शकत नाहीत. डिसेंबरात त्यांनी उपक्रम दिला, 'मऊ, खरखरीत, गुळगुळीत अशा वस्तू गोळा करा.' झोयानं पीस आणलं. ओवीनं माझ्याच सॅकमधला कापूस आणला. आमच्या जिल्ह्यात कापूस शोधायला सॅक उघडावी लागते, यावर शबाना आठवडाभर हसली.

सम्यकनं एक शेंग आणली. तपकिरी, वर मखमल. पोरगं आईसारखंच नीटनेटकं, शेंग त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हात न लावता आणली.

"वा," प्रज्ञाताई म्हणाल्या, "किती मऊ," आणि तिच्यावरून बोट फिरवलं. मग मनगटाला लावून पाहिलं. मग "अर्चना, बघ ना," म्हणून माझ्याकडं पुढं केली. मी ओळख नसलेल्या कशालाही हात लावत नाही. माझ्या भित्रेपणाचा आजवर झालेला हा एकमेव फायदा.

खाजकुयली होती. दोन मिनिटांत प्रज्ञाताई दोन्ही हात खाजवत सागाच्या खोडाला पाठ घासत होत्या. माझ्या दोन्ही मलमांनी काही झालं नाही. मामा शांतपणे जाऊन ताजं शेण घेऊन आले आणि म्हणाले, "चोपडा."

ज्या बाई रोज परिपाठानंतर पोरांचे हात आणि नखं तपासतात, त्या कोपरापर्यंत शेण माखून तळ्याच्या काठावर बसल्या. वीस मिनिटांत उतरलं सगळं.

सम्यकला काळजी एकच. "आई, माझी वस्तू मऊमध्ये धरणार ना?"

* * *

हा किस्सा मी सांगणार नव्हते.

तलावाच्या काठच्या चिखलात पंजा उमटला होता. मोठा. मी ओवीला मागं घेतलं, अंदाज यावा म्हणून पंजाशेजारी माझी चप्पल ठेवली आणि फोटो काढला. एका टोकाला थोडं नेटवर्क मिळालं तसा तो चार ग्रुपवर टाकला. बहिणींच्या, मैत्रिणींच्या, कॉलनीच्या आणि ओवीच्या वर्गाच्या पालकांच्या.

"आई, याची नखं उमटलीत," ओवी वाकून म्हणाली. "वाघ नखं आत ठेवून चालते. मामानं सांगतलं."

घरी आम्ही प्रमाण मराठी बोलतो, निदान तसा प्रयत्न करतो. माझं लक्ष पंजावरून उडून तिच्या क्रियापदांकडं गेलं. एवढ्यात आमच्या मागून आलेला मामांचा कुत्रा तळ्यातून बाहेर आला, अंग झटकलं आणि आमच्यासमोरून, त्याच चिखलातून, तसेच पंजे उमटवत गेला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. 'यवतमाळ शहरालगत वाघ. पालकांनी मुलांना एकटे सोडू नये. हा मेसेज सर्व आयांना पाठवा.' खाली पंजाचा फोटो. मी प्रशांतला फोन लावला, ओवीला आज शाळेतून लवकर आणायचं का म्हणून विचारलं. त्यानं फोटो मागितला.

मी तो पाठवला. मग तो म्हणाला, "अर्चना, चप्पल ओळखीची वाटून राह्यली."

* * *

तर हे असं. पण ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते होत नव्हतं. ओवी माझा हात सोडत नव्हती.

गाडीतून उतरलं की मी म्हणायचे, "हात धर. गाडीपर्यंत सोडायचा नाही." आणि ती सोडायची नाही. वाटेत एक नाला आहे, घोट्याएवढं पाणी, त्यात गोटे टाकलेले. झोया आणि सम्यक उड्या मारत पार व्हायचे. जानेवारीत एकदा मामा म्हणाले, "सोडा जी बाई तिले. जाते थे."

मी मन घट्ट करून बोटं सैल केली. ओवीनं वर माझ्याकडं पाहिलं आणि माझी बोटं पुन्हा घट्ट धरली.

"नको मामा," ती म्हणाली. "राहू द्या."

त्या सोमवारी मी टीचरना सांगितलं, अजून काही फरक नाही. जून चार महिन्यांवर आला होता.

* * *

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. सागाची पानं गळून जंगलात सगळीकडं पसरली होती. ताटाएवढी पानं, पाय पडला की पापडासारखी वाजतात, आणि खालची पायवाट पार झाकून टाकतात. तलावावरून परत निघालो. ऊन तापलं होतं आणि ओवीची टोपी दिसेना. तळ्यावर राहिली असणार.

"मी आणते, तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले आणि ओवीचा हात प्रशांतच्या हातात दिला. दहा मिनिटांचं काम. टोपी मिळाली. परत फिरले. पानांत वाट दिसली, ती धरली. ती गुरांची निघाली. तिला दोन फाटे फुटले, उजवा घेतला, तो घाणेरीच्या झुडपांत जाऊन संपला. मागं वळले तर मागं वाटच नव्हती, पानं होती.

मोबाइलला नेटवर्क नाही. सॅक प्रशांतच्या पाठीवर. शिट्ट्या सॅकमध्ये. तिन्ही.

एकदा हाक मारली. माझाच आवाज मला इतका परका वाटला की पुन्हा मारली नाही. मग मला माझा नियम आठवला. जागचं हलायचं नाही, झाडाला धरून बसायचं. मी एका सागाला हात लावून बसले. मनाशी म्हणाले, दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल. दहा झाली. वीस झाली. आमच्या दोन गाड्या, हे मला तेव्हा आठवलं. प्रशांतला वाटणार मी शबानाच्या गाडीत बसले, शबानाला वाटणार मी प्रशांतबरोबर. असं पूर्वी एकदा इरफानभाईंच्या बाबतीत झालेलं होतं, ते धाब्यावर राहिले होते. मला आठवून हसू येईना.

तासाभरानं दुरून मामांची लांब हाक आली. "होऽऽ बाई."

"मी इथं आहे," मी ओरडले. आणि मग उगाचच, "टोपी मिळाली."

मामा मला घेऊन निघाले. नाल्यापाशी नुसती काठी पुढं केली, मी ती धरून पार झाले. मोहाच्या झाडापाशी सगळे उभे होते. प्रशांतचा चेहरा मी लग्नात पाहिला होता तेवढा गंभीर. दोन्ही गाड्या चालू होत्या. आणि ओवी झाडाच्या बुडाशी मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर एक गोटा.

प्रज्ञाताईंनी मला पाणी दिलं आणि काय झालं ते सांगितलं. मामांनी, झोयानं, सम्यकनं आपापले गोटे उचलून फेकले. पोरं मोजली, तिन्ही हजर. गाड्या सुरू झाल्या. प्रशांत म्हणाला, शबानावहिनींच्या गाडीत असेल ती. शबाना म्हणाली, आमच्यात नाही, तुमच्यात असेल, पण तिचं बोलणं इंजिनात ऐकूच गेलं नाही. ओवी तेवढी गाडीत बसेना. सगळ्यांनी सांगितलं, बेटा, उचल तुझा गोटा, चल. ती म्हणाली, हा माहा नाही, आईचा हाय. आई अंदरच हाय.

"मग पाहिलं आम्ही," प्रज्ञाताई म्हणाल्या, "एकमेकांच्या तोंडाकडं."

मी ओवीसमोर बसले. केसांत पानं, हातात टोपी.

"माझा गोटा कधीपासून ठेवतेस?"

"पयल्यापासून. तू खाली टाकला होता ना."

"दर वेळी?"

"हो."

मोहापाशी दर वेळी चारच गोटे असायचे. मामा, झोया, सम्यक. आणि एक. मी मनातल्या मनात मोजलं, पुन्हा मोजलं.

"आणि तुझा गं? तुझा कोण ठेवतं?"

"मी कायले हरवीन?" ओवी म्हणाली. "मले तं नंबर पाठ हाय."

मागं इरफानभाई खोकले. प्रशांतनं गॉगल लावला. मामा म्हणाले, "उचला जी बाई आता तुमचा. उशीर झाला."

मी गोटा उचलला. फेकताना तो जवळच पडला. ओवीनं ते पाहिलं. उठून तिनं चड्डीची माती झटकली, टोपी घातली आणि माझ्यापुढं पंजा धरला.

"चाल, हात धर," ती म्हणाली. "गाडीपावतर सोडाचा नाही."